प्रभुभोजनाआधी स्वतःचा हिशेब कसा मांडावा

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. आदल्या संध्याकाळी स्वतःची परीक्षा करून या, असे पाळक दर वेळी सांगतात. पण परीक्षा करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. डोळे मिटून ‘प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर’ एवढे म्हटले की झाले, अशी माझीही बरीच वर्षे समजूत होती.

ही परीक्षा करायला बसण्यापूर्वी दुसऱ्यांच्या न्यायाची गणिते बाजूला ठेवावीत. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्यात शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली, तेव्हा ‘देवाचा कोप’ हे शब्द मी विश्वासणाऱ्यांच्याही तोंडून ऐकले. यरुशलेमेत बुरूज पडून अठरा जण मेले, त्यांचा विषय निघाला असता येशूने हाच तर्क मोडून काढला होता. ते इतरांहून अधिक पापी होते असे समजू नका, असे सांगून त्याने प्रश्न ऐकणाऱ्यांकडेच वळवला, की तुम्ही पश्चात्ताप केला आहे का (बायबल, लूक १३). मेलेल्यांचा निवाडा आपल्याकडे सोपवलेला नाही. शनिवारच्या संध्याकाळी आपल्यासमोर एकच खटला असतो, आणि त्यातला आरोपी आपणच असतो.

मग वही घ्यावी. मोबाइलमध्ये लिहू नये, कारण तिथे मधेच कुणाचा तरी संदेश येतो आणि मन पळून जाते. ‘मी स्वार्थी आहे’, ‘माझ्यात प्रीती कमी आहे’ अशी वाक्ये लिहिण्यात अर्थ नाही. त्यांनी वाईटही वाटत नाही आणि काही बदलतही नाही. माणसाचे नाव, दिवस आणि रक्कम किंवा शब्द लिहावेत. ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळचे जुने चर्च ज्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने आहे, त्याची पद्धत हीच होती. पश्चात्तापाला शोभतील अशी फळे द्या, असे तो म्हणाला तेव्हा लोकांनी विचारले, ‘मग आम्ही काय करावे?’ त्याने दिलेली उत्तरे अगदी व्यवहारातली आहेत: दोन अंगरखे असलेल्याने एक, नसलेल्याला द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायाने दमदाटी करून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे (लूक ३). उपवास कर किंवा अश्रू ढाळ, असे तो कुणालाही सांगत नाही. मत्तय २५ मधला शेवटच्या दिवसाचा न्यायाधीशही जेवण, पाणी, कपडे, आजारपण आणि तुरुंग यांविषयीच बोलतो. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या भिंतीवरून मी अनेक वर्षे येजा केली आहे, आणि आत कुणाला भेटायला एकदाही गेलेली नाही. हे वाक्य माझ्या वहीत अजून तसेच आहे.

वहीचे पान कोरे राहत असेल, तर नाथान संदेष्ट्याची युक्ती स्वतःवरच करून पाहावी. बळकावलेल्या उरीयाच्या बायकोविषयी दावीद राजाला थेट विचारले असते, तर त्याने शंभर कारणे दिली असती. म्हणून नाथानाने त्याला श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या कोकरीची गोष्ट सांगितली आणि दावीदाने संतापून आपल्याच तोंडाने निकाल दिला (२ शमुवेल १२). आपले वागणे शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचे आहे असे समजून तिसऱ्या पुरुषात लिहावे आणि मग शांतपणे वाचावे.

माझ्या वहीत एकदा असे उतरले: ‘तिच्या घरी काम करणाऱ्या बाई चार दिवस तापाने पडल्या होत्या. हिने ६,००० पगारातून ८०० रुपये कापले आणि त्याच संध्याकाळी प्रार्थनासभेला गेली.’ त्या आठशे रुपयांसाठी मी देवाची क्षमा दोनदा मागितली होती, पण रुपये माझ्याच पाकिटात होते. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा, ज्याचे नुकसान झाले त्याला द्यावा असे सांगितले आहे (गणना ५). येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर चौपट देऊ केले. मी हिशेब केला, आठशे आणि एकशेसाठ. सोमवारी बाई ओट्याशी उभ्या असताना ९६० रुपये त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाले, ‘तुमचे पैसे कापले ते माझे चुकले.’ त्यांनी पदराला हात पुसले, नोटा मोजल्या, ब्लाउजमध्ये ठेवल्या आणि विचारले, ‘ताई, कुकर आत्ता घासू का नंतर?’ मला त्याहून जास्त काहीतरी अपेक्षित होते, हे तेव्हा कळले. ते दुसऱ्या दिवशी वहीत वेगळे लिहावे लागले.

माफी मागताना ‘पण’ हा शब्द टाळावा. ‘चुकले, पण तेव्हा हातात पैसे नव्हते’ ही माफी नसून वकिली आहे. शक्य असेल तर समोर जाऊनच बोलावे. मात्र आपल्या कबुलीने दुसऱ्याचे घर मोडणार असेल, किंवा समोरच्या व्यक्तीला आपण समोर येण्याचीच भीती वाटत असेल, तर आधी पाळकांशी बोलावे. आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्यावर ओझे टाकणे हा पश्चात्ताप नाही. कॅथलिक बंधुभगिनींना यासाठी कन्फेशनची, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली देण्याची वाट आहे, पण तिथूनही घेतलेली वस्तू परत करण्याची जबाबदारी सुटत नाही.

त्यानंतरचा आठवडा खरा अवघड असतो, कारण तीच चूक पुन्हा होते. येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा दोघेही एकाच रात्री घसरले, पेत्राने त्याला ओळखतच नाही म्हटले, यहूदाने पैसे घेऊन त्याला पकडून दिले, आणि दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने तर चांदीची तीस नाणी परतही केली. पण तो प्रभूकडे परतला नाही, एकटाच निघून गेला. पेत्र रडला आणि बाकीच्या शिष्यांत राहिला, म्हणून तळ्याच्या काठी ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ हा येशूचा प्रश्न तीनदा ऐकायला तो तिथे होता. विश्वासूपण म्हणजे कधीच न पडणे, असे मानणारा माणूस पहिल्याच पडण्यात मंडळी सोडतो. जो थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही विश्वासू (लूक १६), हे वचन इथे धरून ठेवावे आणि पुढच्या महिन्यासाठी एकच थोडकी गोष्ट निवडावी: भाडेकराराची खरी रक्कम लिहिणे, किंवा सोसायटीच्या सभेत ज्याच्याविषयी पाठीमागे बोललो त्याच्याशी तोंडावर नीट बोलणे.

रविवारी सकाळपर्यंत वहीतल्या सगळ्या ओळी मिटल्या नाहीत, म्हणून प्रभुभोजन न घेता मागच्या बाकावर बसून राहणारे पुष्कळ आहेत. प्रेषित पौल मात्र माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, असे लिहितो (१ करिंथ ११). परीक्षा करून घरी जावे, असे लिहीत नाही. ज्याच्याकडे अजून जायचे राहिले आहे त्याला शनिवारी रात्रीच फोन करून भेटीची वेळ ठरवावी, ती वहीत लिहावी, आणि सकाळी मंडळीत वेळेवर पोहोचावे.