जुन्या व्यायाम-सायकलचे झिजलेले पेडल कसे बदलावे

नागपुरात व्यायामाची सायकल बहुधा गॅलरीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवलेली असते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे गेला की तिच्या प्लास्टिकच्या पेडलला तडे जाऊ लागतात, पायाचा पट्टा कडक होऊन तुटतो आणि पुढच्या पावसाळ्यात आसाला गंज धरतो. पेडल ही स्वस्त वस्तू आहे. परंतु ते ज्या दांड्यात बसते, तो क्रँक जुन्या यंत्रासाठी सहजी मिळत नाही. म्हणून या कामात जपायचे ते क्रँकच्या आट्यांना, म्हणजे त्याच्या भोकातल्या स्क्रूसारख्या खाचांना.

दोष पेडलचाच आहे ना, हे आधी पाहावे. एका हाताने क्रँक घट्ट धरून दुसऱ्या हाताने पेडल हलवावे. पेडल आपल्या आसावर डगमगत असेल, तर ते झिजले आहे. मात्र पेडलबरोबर क्रँकही हलत असेल, तर क्रँक यंत्राला जिथे जोडलेला असतो तिथल्या टोपणाखालचा नट ढिला झालेला असतो. तो आवळल्यावर पुष्कळदा पेडल बदलण्याची गरजच उरत नाही.

नवे पेडल विकत घेण्यापूर्वी जुने काढून सोबत न्यावे, कारण आट्यांची दोन मापे सर्रास आढळतात : 9/16 इंच, म्हणजे सुमारे 14.3 मिलिमीटर, आणि 1/2 इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. आट्यांवर मोजपट्टी ठेवली तरी दीड मिलिमीटरचा हा फरक लक्षात येतो. व्यायामाच्या अनेक सायकलींना 1/2 इंचाचे, तर गिअरच्या बहुतेक सायकलींना 9/16 इंचाचे पेडल असते. सीताबर्डीच्या बाजारात घ्या किंवा महाल भागात, दुकानदाराने ‘चालून जाईल’ म्हटले तरी दोन्ही आस शेजारी धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लहान आस मोठ्या भोकात ढिला राहतो, आणि मोठा आस बळाने घुसवला तर भोकाचे आटे कापले जातात.

खरी गफलत होते ती काढताना. उजव्या पेडलचे आटे सरळ असतात आणि डाव्याचे उलटे. पायाचा भार फिरत्या क्रँकच्या तुलनेत सतत दिशा बदलत असतो आणि त्यामुळे आस किंचित किंचित फिरू पाहतो. डावीकडे सरळ आटे ठेवले असते, तर व्यायाम करता करताच ते पेडल उकलले असते. उजवे पेडल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटते आणि डावे काट्यांच्या दिशेने. एवढे घोकण्यापेक्षा दोन्ही बाजूंना लागू पडणारी एक खूण ध्यानात ठेवावी : पान्याची दांडी वर असताना ती सीटकडे ओढली की पेडल सुटते आणि हँडलकडे ढकलली की आवळते.

आसावरच्या सपाट कडांना 15 नंबरचा पाना लागतो. काही पेडल्सना क्रँकच्या आतल्या बाजूने 6 किंवा 8 मिलिमीटरची ॲलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लावावी लागते. स्क्रू पाना शक्यतो टाळावा, कारण तो निसटून कडा गोल होतात. गंज असेल तर जोडावर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. त्यानंतर सायकलचा ताण सर्वाधिक ठेवावा, ज्या बाजूचे पेडल काढायचे तो क्रँक हँडलकडे आडवा आणावा, पान्याची दांडी सीटच्या दिशेला राहील असा पाना बसवावा आणि ती खाली दाबावी. या स्थितीत बहुतेक जोर आट्यांवरच येतो आणि क्रँक फारसा फिरत नाही. पाना अचानक सुटून बोटे सोलवटू नयेत म्हणून दांडी मुठीत न आवळता तळहाताने दाबणे बरे.

नव्या पेडलच्या आसाच्या टोकावर इंग्रजी ‘आर’ किंवा ‘एल’ कोरलेले असते. सायकलवर बसल्यावर जी आपली उजवी बाजू, तिथे ‘आर’चे बसवावे. क्रँकचे भोक कापडाने पुसून नव्या आट्यांना थोडे ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वेळी पेडल गंजून अडकणार नाही. सुरुवातीचे पाच-सहा फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल, तर आटे तिरपे लागले आहेत किंवा बाजू चुकली आहे, असे समजून लगेच मागे फिरवावे; येथे पाना लावण्याची घाई केली की क्रँक हातचा गेलाच. आस सहज आत गेल्यावरच पान्याने चांगला आवळावा.

क्रँकचे आटे आधीच खराब असतील, तर ज्या फिटरकडे योग्य मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, आहे त्याच्याकडून ते साफ करून घ्यावेत, आणि डाव्या क्रँकसाठी उलटा टॅप लागतो हे त्याला आवर्जून सांगावे.

पट्टा बसवताना तो सैल ठेवून आधी बूट घालून पाहावा, मगच त्याचे भोक ठरवावे. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या व्यायामानंतर दोन्ही पेडल्सना पुन्हा एकदा पाना लावून पाहावा, कारण नवे आटे बसताना थोडे ढिले होऊ शकतात.