परदेशी वैद्यकीय पदवीनंतर महाराष्ट्रात नोंदणी कशी करावी

रशिया, जॉर्जिया किंवा कझाकस्तानातून वैद्यकीय पदवी घेऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याचे सारे लक्ष एफएमजीई या परदेशी पदवीधरांच्या पात्रता परीक्षेकडे असते. पण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही गाडी अडते ती कागदपत्रांपाशी, आणि त्यांतले बहुतेक कागद तिथल्या विद्यापीठातूनच मिळवावे लागतात. म्हणून परतीचे तिकीट काढण्याआधीच फाइल पूर्ण करावी.

प्रथम आपल्याला कोणते नियम लागू होतात ते पाहावे. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांसाठी किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातील अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) आणि पदवी देणाऱ्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता आवश्यक आहे. फिलिपिन्समधील चार वर्षांचा एमडी अभ्यासक्रम या ५४ महिन्यांपाशीच तोकडा पडला.

पदवी प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का) किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचे साक्षांकन करून घ्यावे. जुना पासपोर्ट मुळीच टाकून देऊ नये, कारण ये-जा केल्याच्या शिक्क्यांवरून विद्यार्थी प्रत्यक्ष किती काळ तिथे होता हे ताडून पाहिले जाते; काही सत्रे ऑनलाइन झाली असतील, तर ती नंतर प्रत्यक्ष वर्गात भरून काढल्याचे विद्यापीठाचे पत्र घ्यावे. नावाचे स्पेलिंग अक्षर न अक्षर तपासावे. पासपोर्टावरचा ‘ज्ञानेश्वर’ रशियन लिपीत जाऊन पुन्हा रोमन लिपीत आला की ‘वाय’च्या जागी ‘आय’ येऊ शकतो, आणि आपल्याकडे मधले नाव म्हणून लावलेले वडिलांचे नाव कधी गळते, तर कधी आडनावाच्या जागी जाऊन बसते. ही चूक तिथल्या डीनच्या कार्यालयात असताना दुरुस्त करणे सोपे, पुण्यात बसून ईमेलवर फार कठीण.

परीक्षेचे गणित सरळ आहे: ३०० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

निकालानंतर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आंतरवासितेसाठी तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करावा. २०२१ च्या नियमांनुसार परदेशात आंतरवासिता झाली असली तरी इथली १२ महिन्यांची चुकत नाही. महाविद्यालयांत परदेशी पदवीधरांसाठीच्या जागा मर्यादित असतात, त्यामुळे घराजवळच्याच रुग्णालयाचा हट्ट न धरता जिल्ह्याच्या ठिकाणची जागाही स्वीकारावी. आंतरवासिता पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडून कायम नोंदणीचा अर्ज करता येतो. तोपर्यंत स्वतंत्र दवाखाना थाटता येत नाही. पदवीवर ‘एमडी’ असे छापलेले असले, तरी इथे ती एमबीबीएसच्या बरोबरीचीच मानली जाते, तेव्हा पाटी रंगवताना एवढे ध्यानात ठेवावे.