कढई एक, फोडण्या दोन: लहान मुलांच्या घरातला रोजचा स्वयंपाक

घरात लहान मूल असलं की संध्याकाळी दोन स्वयंपाक सुरू होतात. मोठ्यांना भाजी-पोळी, लेकराला वेगळा मऊ भात. महिनाभरात करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि मुलाच्या वाट्याला पाकिटातलं काहीतरी येऊ लागतं. यावर टिकणारी वाट एकच आहे: पदार्थ सगळ्यांना तोच, मुलाचा वाटा तिखटाआधी काढायचा आणि मोठ्यांची झणझणीत फोडणी वरून घालायची. मोडाच्या मुगाच्या उसळीवर हा हात चटकन बसतो.

दोन मोठी माणसं आणि दोन मुलं यांना एक वाटी, म्हणजे साधारण १५० ग्रॅम हिरवे मूग पुरतात. निवडून, धुऊन तिप्पट पाण्यात ८ तास भिजवा. पाणी ओतून टाकल्यावर मूग चाळणीत १५ मिनिटं निथळू द्या. ही १५ मिनिटं वाचवायला गेलात तर पुरचुंडीत पाणी राहतं, मूग चिकट होतात आणि आंबूस वास मारतो. असे मूग धुऊन वापरू नका, सरळ टाका. निथळलेले मूग ओलसर सुती फडक्यात घट्ट बांधून झाकून ठेवा. उन्हाळ्यात १०-१२ तासांत मोड येतात, थंडीत २० तासही लागतात. मोड अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे झाले की पुरे, लांबले की चव उतरते. न भिजलेले टणक दाणे, म्हणजे गणंग, याच वेळी वेचून काढा. ते कितीही शिजवले तरी खड्यासारखे दाताखाली येतात, आणि एकदा असा दाणा लागला की मूल पुढचे चार घास थुंकतं. कच्चे मोड मात्र लहानांना देऊ नका. ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्यातच जंतूही वाढतात.

कढईत दोन छोटे चमचे तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, पाव चमचा हळद, कढीपत्ता आणि एक बारीक चिरलेला कांदा घाला. कांदा मऊ झाला की मूग परता, दीड वाटी गरम पाणी घाला आणि वर खोलगट झाकण ठेवून त्यातही पाणी ओता. वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली उतरते, तळ लागत नाही, आणि आतलं पाणी आटलं तर झाकणातलं गरम पाणी हाताशी असतं. मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं. दाणा दोन बोटांत सहज चुरडला पाहिजे, पण सालातून फुटलेला नको. कुकरमध्ये मोडाच्या मुगाचा एका शिट्टीत लगदा होतो, म्हणून इथे कढईच बरी.

मूग शिजेपर्यंत मीठ, गूळ, आमसूल काहीही घालायचं नाही. आंबटाने कडधान्य शिजायला वेळ लागतो, हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं: एक वर्षाच्या आतल्या बाळाला वरून मीठ-साखर-गूळ लागत नाही, त्याचा वाटा इथेच निघतो. तो पळीने घोटून मऊसर करा. बाकीच्या उसळीत नेहमीच्या निम्मं मीठ, सुपारीएवढा गूळ, दोन मोठे चमचे ओलं खोबरं आणि एक छोटा चमचा गोडा मसाला घालून पाच मिनिटं उकळा. तुमच्या गोड्या मसाल्यात मिरची असेल तर तो नंतरच घाला. आता मोठ्या मुलाची वाटी काढा.

राहिलेल्या उसळीसाठी फोडणीच्या पळीत दोन चमचे तेल, चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या. लसूण तांबूस झाली की गॅस बंद करून मगच दीड चमचा लाल तिखट घाला, नाहीतर ते जळून कडवट लागतं. ही फोडणी, उरलेलं मीठ आणि दोन आमसुलं कढईत, आणखी एक उकळी, झालं.

मुलाच्या वाटीत लिंबाचे चार थेंब पिळा. मुगातलं लोह अंगी लागायला लिंबातल्या सी जीवनसत्त्वाची मदत होते. चहा नेमकं उलट करतो, म्हणून मुलांना चहा-चपाती देण्याची सवय मोडायलाच हवी.

आमटी, फ्लॉवर-बटाटा, दुधी, मटकी, सगळ्यांना हीच पद्धत चालते. भरल्या वांग्याला चालत नाही, कारण तिखट मसाल्यातच मुरलेलं असतं. त्या दिवशी मुलाला वरण-भात, तूप, लिंबू. वरणाची डाळ अर्धा तास भिजवून एकीला तीन वाट्या पाणी घाला. बोअरवेलच्या जड पाण्यात ती शिजत नाही, तेव्हा पिण्याचं पाणी वापरा.

एवढं करूनही मूल जेवत नसेल, तर आधी त्याच्या पोटात काय गेलंय ते पाहा. संध्याकाळी सहाला कपभर दूध आणि चार बिस्किटं दिल्यावर साडेसातला भूक कुठून येणार? जेवणाआधी दोन तास पाण्याशिवाय काही नको. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध देऊ नका. दुधाने पोट भरतं, लोह मात्र जवळजवळ मिळत नाही. ताटात पहिल्यांदा अगदी थोडं वाढा, वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा एवढ्या अंदाजाने. नवी चव पटायला दहा-पंधरा वेळाही लागू शकतात. तोंडात कोंबलं की तो पदार्थ मुलाच्या मनातून कायमचा उतरू शकतो.

मुलांना कामाला लावायचं तर थालीपिठासारखं दुसरं काही नाही. एक वाटी भाजणी, अर्धी वाटी किसलेला दुधी, कांदा, एक चमचा तीळ, मीठ. आधी हे नुसतं कालवून पाच मिनिटं ठेवा, कारण मिठाने दुधीला पाणी सुटतं. मग लागेल तेवढंच गरम पाणी घाला. पीठ भाकरीपेक्षा सैल हवं. कोरडं राहिलं तर थापताना कडा चिरतात. चार वर्षांचं मूल ओल्या फडक्यावर पुरीएवढं थालीपीठ छान थापतं. मधलं भोक त्यालाच पाडू द्या. तव्याशी मात्र मोठ्यांनीच उभं राहायचं. मोठ्यांसाठी उरलेल्या पिठात शेवटी तिखट कालवा.

जास्तीचे मोड कोरड्या डब्यात फडक्यावर पसरून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. तेच मूग आल्यासोबत वाटून, वाटीभराला दोन चमचे तांदळाचं पीठ घालून धिरडी करता येतात. तवा नीट तापलेला नसेल तर पहिलं धिरडं हमखास चिकटतं. पाण्याचा थेंब टाकून तो लगेच चुर्र होऊन उडाला की मगच पीठ घाला आणि कडा सुटेपर्यंत उलटू नका.