घरी सोलर पॅनल बनवताना या चुका टाळा

सोलापुरात उन्हाचा तुटवडा नाही. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की याच उन्हात घरी बनवलेल्या पॅनलची खरी परीक्षा होते. माझा अनुभव असा की पॅनल जिथे बघायला बेढब दिसतं, तिथूनच ते बिघडायला लागतं. म्हणून नीटनेटकेपणाला पहिल्या दिवसापासून जपा.

पहिली चूक मापाची. काच आधी आणून सेल, म्हणजे उन्हापासून वीज बनवणाऱ्या पातळ चकत्या, त्यात कोंबू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी ३६ सेल लागतात. १५६ मिलिमीटरचे सेल नऊ-नऊच्या चार ओळींत लावले, मधे थोडी फट आणि कडेला पट्टीची जागा सोडली, की काच साधारण दीड मीटर बाय ६८ सेंटिमीटर होते. काच टफनच, म्हणजे तापवून कडक केलेलीच, घ्या. ती नंतर कापता येत नाही, त्यामुळे माप देऊनच करून घ्यावी लागते. खिडकीची साधी काच उन्हाने तडकते, अ‍ॅक्रिलिक वाकतं. ओळी जुळवताना काचेखाली रेषा आखलेला कागद ठेवा आणि गुण्या लावून बघा. एक सेल तिरका बसला तर टॅबिंग वायरवर, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या चपट्या तारेवर, ताण येतो.

सगळ्यात जास्त नुकसान डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, होतं. सेल जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो. सोल्डरिंग गन दाबून धरली की बारीक तडा जातो आणि तो त्या वेळी दिसतही नाही. आधी फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून लावायचा द्राव) लावा, गन चांगली तापू द्या आणि वायरवरून एकदाच, न दाबता, सरकवा. नेहमीच्या सेलची निळी बाजू ऋण आणि मागची धन असते. एकाची निळी बाजू पुढच्याच्या पाठीला जोडायची.

काच बंद करण्याआधी प्रत्येक ओळ कोवळ्या उन्हात मल्टिमीटरने तपासा. सेलमागे साधारण ०.६ प्रमाणे नऊ सेलच्या ओळीचे साडेपाच आणि सगळ्या ३६ सेलचे २१ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. काहीच येत नसेल तर कुठेतरी जोड तुटलाय. सव्वा व्होल्टच्या आसपास कमी येत असेल तर एखादा सेल उलटा जोडलाय, कारण तो स्वतःचं देत नाही आणि दुसऱ्याचंही खातो. व्होल्ट पूर्ण पण लोड लावताच कोसळतात? कच्चा डाग किंवा तडकलेला सेल शोधा.

कडा बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल जोडांना गंज चढवतं. न्यूट्रल सिलिकॉन मागून घ्या. पाठीला प्लायवूडही नको. पहिल्याच पावसात ओल धरून फुगतं. ईव्हीए शीट, म्हणजे सेल काचेला चिकटवणारा प्लास्टिकचा पापुद्रा, हीटगनने चिकटवायला गेलं तर बुडबुडे राहतात. कारखान्यात ते निर्वात यंत्रात दाबून तापवतात.

पॅनल पत्र्याला चिकटवून ठेवू नका. खालून वारा खेळू द्या. सेल ६५ अंशांपर्यंत तापला तर २५ अंशांच्या मानाने सुमारे १६ टक्के वीज कमी मिळते. तोंड दक्षिणेला, उतार १७-१८ अंश. पाण्याच्या टाकीची सावली एका सेलवर पडली तरी अख्खी ओळ मंदावते, म्हणून बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारा छोटा भाग, टाकाच.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरी बनवलेल्या पॅनलला मिळत नाही. दिवे, पंखा, छोटी बॅटरी यांच्यापुरतंच ते वापरा आणि मधे चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचं चार्जिंग आवरणारं यंत्र, लावल्याशिवाय बॅटरी जोडू नका.