सायकलीच्या जुन्या भागांवरचा गंज घरी कसा काढावा

गोव्यातल्या मांद्रे, हरमलसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत पडवीत उभी केलेली सायकलही गंजते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले मीठ लोखंडावर बसते आणि हवेतला ओलावा धरून ठेवते. म्हणून आधी सगळे भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्या. मीठ तसेच राहिले तर काढलेला गंज पाहता पाहता परत येतो.

भाग सुटे करताना एक लक्षात ठेवा: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाना फिरवला की ते सुटते. नट अडलाच तर तेल सोडून रात्रभर थांबा. जुने ग्रीस डिझेलने आणि मग भांड्यांच्या साबणाने काढा, कारण गंज काढायला पुढे वापरायचे आम्ल तेलकट थराखाली पोचत नाही.

क्रोमच्या हँडलला आणि रिमला ॲल्युमिनियम फॉइलचा ओला बोळा पुरतो. हलक्या हाताने घासा. तारेची घासणी नको, तिचे ओरखडे कायमचे राहतात.

नट, बोल्ट, स्टँड असे बिनरंगाचे लोखंडी भाग प्लॅस्टिकच्या टबात भिजवा. १ लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक आम्ल) घ्या. माडाचा विनेगरही चालतो, पण तो स्वयंपाकघरातच राहू द्यावा असे मला वाटते. दारात बिंबलाचे, म्हणजे त्या लांबट, हिरव्या, आंबट फळाचे झाड असेल तर एक बिंबल कापून गंजक्या बोल्टवर चोळून पाहा. त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने डाग उजळतो.

हातमोजे घालून दर तासाला भाग बाहेर काढा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पाणी पिवळट-हिरवट होते, गंज काळ्या चिखलासारखा सुटतो आणि खालचे करडे लोखंड दिसू लागते. तिथेच थांबा. मी एकदा स्टँड दोन दिवस भिजत ठेवला, तर त्यावर बारीक खड्डे पडले. गंज संपला की आम्ल लोखंडच खाऊ लागते. चेन, बेअरिंगचे छर्रे आणि स्प्रिंग तर यात बुडवूच नका. कडक पोलाद आम्लात ठिसूळ होऊ शकते. ॲल्युमिनियमचे आणि जस्ताचा मुलामा असलेले भागही बाहेरच ठेवा.

खरी कसोटी यानंतर आहे. १ लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात भाग बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच सुती फडक्याने कोरडे करा. आपल्या दमट हवेत उघडे लोखंड बघता बघता नारिंगी पडते, त्यामुळे हे काम कडक उन्हाच्या दिवशीच काढा. आट्यांमधले पाणी हेअर ड्रायरने उडवा. भाग कोमट असतानाच शिवणयंत्राचे तेल लावा, आट्यांना ग्रीस. खोबरेल हाताशी असले तरी वापरू नका; ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते.

पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर (फोर्कवर) किंवा हँडलच्या दांड्यावर नखाला लागतील इतके खोल खड्डे दिसले, तर तो भाग पुन्हा बसवू नका, नवा आणा.