टोकियोतल्या ओचानोमिझूला जुनी अकूस्टिक गिटार बघायला जाताना काय काय न्यायचं

आरसा. तो आधी पिशवीत टाका, मग पुढचं वाचा. गॅरेजवाले इंजिनामागचा नट बघायला वापरतात तो: लांब होणारा दांडा आणि टोकाला वळणारी गोल चकती, साधारण तीन सेंटिमीटर व्यासाची. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. टोकियोत पोचल्यावर बघू असं म्हणू नका. तिथे भिंतभर गिटारी दिसल्या की बाकी सगळं डोक्यातून जातं, आणि आठवण होते ती गिटार हातात आल्यावर.

जागा सोपी आहे. ओचानोमिझू स्टेशनातून बाहेर पडलं की मेइजी विद्यापीठावरून जिम्बोचोच्या दिशेने उतरणारा मेइदाई-दोरी हा रस्ता लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंना वाद्यांची दुकानं. बहुतेक सकाळी ११ च्या सुमारास उघडतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी उघडल्या उघडल्या जा. शनिवार-रविवारी एका गिटारला पंधरा मिनिटंसुद्धा शांतपणे देता येत नाहीत, शेजारी कोणीतरी अँप लावून बसलेलं असतं.

कपडे: बक्कलवाला पट्टा नको, पुढे चेन असलेलं जॅकेट नको, अंगठी-घड्याळ उतरवा. जुन्या गिटारींवरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर (पातळ वार्निश) ओरखड्याला फार हळवं असतं, आणि पाठीवर पडलेल्या बक्कलच्या ओरखड्याचे पैसे मागितले तर वाद घालायला जागा नसते. हात धुऊन जा, रुमाल ठेवा.

भिंतीवरची गिटार स्वतः उतरवायची नाही, कधीच नाही. ‘शिसो शिते मो ई देस का’, म्हणजे वाजवून बघू का, एवढं वाक्य पाठ करा. कर्मचारी गिटार उतरवतो, सुरात लावतो आणि मग हातात देतो. वेगळं ट्यूनिंग करायचं असेल, पिक वापरायचा असेल, फोटो काढायचा असेल, तर दर वेळी विचारा. आरसा आत घालण्याआधीही विचारा. नम्रपणे विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट हा माणूस नुसता टाइमपास करायला आलेला नाही हे त्यांना कळतं.

आता आरसा कशासाठी ते. जुन्या अकूस्टिकचा बाहेरचा भाग पुसून, पॉलिश करून देखणा करता येतो. आतला भाग सहसा कोणी नटवत नाही. चकती तारांच्या दिशेने कडेवर धरून घातली तर साउंडहोलवर, म्हणजे गिटारच्या गोल भोकावर, तारा तशाच ठेवून दोन तारांच्या मधून आत जाते, आत गेल्यावर वळवायची. दांड्याला घरूनच मऊ कापडी पट्टी गुंडाळून न्या, साउंडहोलची कड खरवडली जाते. बरोबर लहान एलईडी टॉर्च हवाच, नाहीतर आरशात काळोखच दिसतो.

आधी ब्रिजच्या, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा अडकवलेल्या लाकडाच्या, बरोबर खाली बघा. तिथे ब्रिज प्लेट असते, तारांच्या टोकाचे गोळे तिलाच अडकतात. भोकं गोल आणि स्वच्छ हवीत. ती फाटून एकमेकांत मिसळली असतील, गोळे लाकडात रुतून वर चढले असतील, तर प्लेटची दुरुस्ती ठरलेली. प्लेट मोठी, नव्या लाकडाची दिसली, कडेला गोंद ओघळलेला दिसला, तर ती बदललेली असू शकते. पण इथे घाई करू नका: मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने स्वतःच 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून लहान मेपलच्या प्लेटऐवजी मोठी रोझवुडची प्लेट बसवायला सुरुवात केली. त्यामुळे 1972 च्या गिटारमध्ये मोठी प्लेट हा दोष नाही, 1955 च्या गिटारमध्ये दिसली तर प्रश्न विचारायचा. मग एक्स आकाराचे ब्रेस, म्हणजे पुढच्या फळीला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या. त्यांची टोकं पातळ कागदाने तपासा, कागद फटीत सरकला तर गोंद सुटलाय. ब्रेस तासलेले आहेत का ते पाहा, हत्याराच्या ताज्या खुणा आणि उजळ लाकूड लगेच कळतं. मार्टिनने 1944 मध्ये कोरीव (खोलगट तासलेले) ब्रेस थांबवले आणि 1976 च्या एचडी-28 या मॉडेलपासून पुन्हा आणले. मधल्या काळातल्या साध्या डी-28 चे ब्रेस कोरलेले निघाले तर ते काम नंतर कोणीतरी केलंय, आणि किंमत त्याप्रमाणे उतरायला हवी. शेवटी तड्यांच्या मागे लावलेले लाकडी तुकडे मोजा. बाहेरून एक तडा दिसतो आणि आत तीन ओळी तुकडे असतात, असं होतं. यातलं काहीही आरशाशिवाय दिसत नाही. फोनचा कॅमेरा तारांमधून आत जात नाही. पातळ वायरचा एंडोस्कोप चालेल, पण त्यात आकार वेडेवाकडे दिसतात आणि फट किती रुंद ते कळत नाही. तेव्हा आरसाच.

दुसरी वस्तू पोलादी पट्टी, एक 15 सेंटिमीटरची आणि शक्य असेल तर एक लांब, सरळ कडेची. लांब पट्टी नेकवरच्या (गिटारच्या दांड्यावरच्या) फ्रेटवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, ठेवून ब्रिजकडे सरकवा, ती ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकली पाहिजे. खाली धडकली तर नेकचा कोन गेलाय, नेक काढून पुन्हा बसवावा लागेल, आणि हे महागडं काम आहे. फक्त तारांची उंची मोजून फसू नका. बाराव्या फ्रेटवर जाड ‘ई’ 2.4 मिलिमीटर आणि बारीक ‘ई’ 1.6 छानच वाटतं, पण ती उंची सॅडल (ब्रिजवरची तारांखालची पट्टी) घासून घासून आणलेली असू शकते. ब्रिजच्या वर सॅडल किमान 3 मिलिमीटर तरी दिसायला हवं. पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून मधली फट बघा, पाव मिलिमीटरच्या आसपास ठीक. जास्त असेल तर ‘नेकमधला रॉड आवळून देतो’ हे उत्तर मार्टिनच्या बाबतीत दर वेळी खरं नसतं: 1985 पूर्वीच्या मार्टिनमध्ये आवळता येणारा रॉडच नाही.

क्लिपवाला ट्यूनर, चष्मा, वही. कारणं सांगायची गरज नाही.

अतिनील टॉर्च मात्र न्या. जुनं लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळं चमकतं, नंतर मारलेला रंग वेगळा, बहुतेकदा काळपट दिसतो. दुकानाच्या उजेडात कळत नाही, काळं कापड डोक्यावर घ्यावं लागतं. संकोच करू नका.

वर्ष ठरवायला मार्टिन सोपी, 1898 पासूनचे अनुक्रमांक आतल्या नेक ब्लॉकवर (नेक जोडलेल्या ठोकळ्यावर) असतात. आरसा आत असेलच, वाचून घ्या. लाकूड कोणतं तेही विचारा. डी-28 च्या पाठीला 1969 पर्यंत ब्राझिलियन रोझवुड होतं, नंतर भारतीय रोझवुड आलं, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसवी. फरक केवळ आवाजाचा नाही. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाही. भारतीय रोझवुडच्या तयार वाद्यांना 2019 पासून सूट आहे. फ्रेटबोर्ड, ब्रिज, हेडस्टॉकवरची (गिटारच्या डोक्यावरची) पातळ पट्टी, सगळ्याची चौकशी करा. नटला, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या तारांखालच्या पट्टीला, हस्तिदंत असेल तर तेही. कागद दुकानाने लेखी द्यायला हवेत, तोंडी ‘काही होत नाही’ चालत नाही.

बजेट कमी असेल तर लाल लेबलची यामाहा एफजी-180 बघा, 1966 पासूनची, लॅमिनेट (थरांचं लाकूड) असूनही आवाज मोकळा. तिच्या नेकचा कोन बिघडलेल्या बऱ्याच सापडतात. पट्टी आणि आरसा तिलाही लावा, स्वस्त आहे म्हणून सोडू नका.

इलेक्ट्रिक बघायचीच असेल तर थोडक्यात: फेंडरच्या नेकच्या टाचेवरची तारीख आणि पॉटचे (आवाजाच्या बटणाखालच्या भागाचे) आकडे यांचे फोटो मागा, स्वतः स्क्रू उघडू नका. 137 ने सुरू होणारा आकडा सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपनीचा, 304 स्टॅकपोल कंपनीचा, पुढे वर्ष आणि आठवडा. फेंडरने 1966 मध्ये पॉट भरपूर घेऊन ठेवले होते, त्यामुळे 66 चा पॉट म्हणजे 66 ची गिटार असं नाही. गिब्सनच्या साठच्या दशकातल्या अनुक्रमांकांवर विसंबू नका, ते पुन्हा पुन्हा वापरलेले आहेत.

पैसे: करमाफीसाठी मूळ पासपोर्ट लागतो, फोटोकॉपी चालत नाही. जपानमध्ये राहून नोकरी करणाऱ्यांना ती मिळत नाही. मोठ्या रकमेसाठी कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घ्या.

विमान: हार्ड केस, तारा एक-दोन सूर सैल, गिटारच्या डोक्याखाली कापडाचा आधार. आरसा-पट्ट्या ही हत्यारं चेक-इन सामानात. बिल आणि साइट्सचे कागद हातातल्या पिशवीत, कस्टम्सला विचारण्याआधी जाहीर करा.