गावच्या शाळेचे हिवाळी संघ: मैदान, सराव आणि वेळापत्रक कसे बसवावे

विदर्भातील खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मैदानी खेळांना मोकळा असा काळ दिवाळीची सुटी संपल्यावरच मिळतो आणि दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की तो संपतो. उन्हाळ्यात येथे मैदानावर उभेही राहवत नाही, म्हणून तर विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. आणि पावसाळ्यात काळी माती पायाला अशी चिकटते की धावणे दूरच, चालणेही कठीण होते. राहिले ते नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी. ज्या शाळेत पूर्णवेळ क्रीडाशिक्षक नाही आणि गणिताच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकांकडेच खेळाचा कार्यभार आहे, त्या शाळेने या तीन महिन्यांत संघ कसे बांधावेत, याचा विचार येथे केला आहे.

दिनदर्शिका उलटी मोजावी

क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. नागपूर आणि अमरावती हे आपले दोन विभाग. यांतील तालुका आणि जिल्हा पातळीचे सामने बहुधा दिवाळीच्या आत उरकले जातात, त्यामुळे ज्यांचा संघ वर गेला त्यांचा हिवाळा एका तऱ्हेचा असतो आणि ज्यांचा संघ तालुक्यालाच हरला त्यांचा दुसऱ्या तऱ्हेचा. मात्र हरलेल्या शाळेने साहित्य कपाटात कोंडून ठेवण्याचे काहीच कारण नाही. जिल्हा परिषद शाळांचे बालक्रीडा सामने, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांचे प्रकल्पस्तरीय सामने, डिसेंबरातील क्रीडा सप्ताह, खाशाबा जाधव यांच्या जयंतीचा 15 जानेवारीचा राज्य क्रीडा दिन आणि शाळेचे स्वतःचे स्नेहसंमेलन हे सारे याच काळात येते.

म्हणून आखणी शेवटाकडून करावी. दहावीचे विद्यार्थी जानेवारीच्या मध्यानंतर मैदानावर मिळणार नाहीत, हे गृहीत धरून तेथून मागे मोजावे: शेवटचे दोन आठवडे प्रत्यक्ष सामन्यांसाठी, त्याआधीचा महिना डावपेच आणि सांघिक सरावासाठी, आणि दिवाळीनंतरचे पहिले तीन आठवडे केवळ दम व पायांची ताकद वाढवण्यासाठी. सुटीत मुले मामाच्या गावाला जाऊन फराळ खाऊन आलेली असतात. त्यांना पहिल्याच दिवशी पकडी शिकवायला घेतल्यास गुडघे आणि खांदे दुखावतात.

किती संघ उतरवावेत

दोनशे पटाच्या शाळेने पाच-सहा खेळांत नावे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तसे केले की तीच दहा चपळ मुले प्रत्येक यादीत दिसतात आणि कबड्डीचा सामना चालू असतानाच शेजारच्या मैदानावर खो-खोसाठी त्यांच्याच नावाचा पुकारा होतो. कबड्डी, खो-खो आणि धावणे-उड्या-फेक यांचा मैदानी गट एवढे पुरेसे आहे. कबड्डीत 7 आणि खो-खोत 9 खेळाडू प्रत्यक्ष खेळतात; राखीव धरून मुलांचे आणि मुलींचे असे चार संघ होतात, आणि तेवढेही नीट सांभाळले तरी पुष्कळ झाले. प्रत्येक मुलाचा मुख्य खेळ कोणता हे नोव्हेंबरातच ठरवून वहीत लिहून ठेवावे. व्हॉलीबॉल जेथे जाळे आणि गावातले जुने खेळाडू आहेत तेथेच घ्यावा.

आट्यापाट्यांबद्दल मात्र थोडे सांगायलाच हवे. विदर्भात या खेळाची परंपरा भक्कम आहे, त्याला आखलेल्या पाट्यांपलीकडे काहीही साहित्य लागत नाही, आणि हुलकावणी देण्याची जी सवय त्यातून लागते ती खो-खोच्या संरक्षकाला आणि कबड्डीच्या चढाईपटूला सारखीच उपयोगी पडते. आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनाच आट्यापाट्या खेळवाव्यात. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, हे मुलांना अवश्य सांगावे. आपल्या जिल्ह्याशेजारचे लोक तेथवर गेले होते हे ऐकून मुलांचा हुरूप वाढतो.

मैदान

सगळ्यात जास्त मेहनत येथे आहे. रेगड जमीन ओल ओसरू लागली की भेगाळते, आणि कबड्डीच्या मैदानात बोटभर रुंदीची भेग म्हणजे मुरगळलेला घोटा ठरलेलाच. काळ्या मातीवर थेट मैदान आखू नये. वरचा भुसभुशीत थर काढून मुरूम पसरावा, त्यावर पाणी मारून रोलर फिरवावा, रोलर नसल्यास धुमसाने ठोकावे. त्यानंतर चाळणीने चाळलेली बारीक माती वर अंथरावी. चाळताना खडे, काचा, बाभळीचे काटे यांवर नजर ठेवावी, कारण मुले अनवाणी खेळतात. खेळाच्या आदल्या संध्याकाळी हलके पाणी शिंपडून ठेवले की सकाळी धूळ उडत नाही आणि पायही घसरत नाही. ही कामे बैलपोळ्याच्या सुमारास ठरवून दिवाळीच्या सुटीत करून घ्यावीत. त्यासाठी ग्रामपंचायतीला आणि ट्रॅक्टर असलेल्या पालकांना आधीच शब्द टाकावा. मोठे काम असल्यास जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे क्रीडांगण विकास अनुदान योजनेबाबत मुख्याध्यापकांमार्फत विचारणा करावी.

आखणी डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. कबड्डीचे प्रौढ पुरुषांचे मैदान 13 × 10 मीटर असते. मुलींसाठी आणि लहान गटासाठी 12 × 8 मीटरचे आखतात. काटकोन साधण्यासाठी 12 मीटर सुतळी घ्यावी, तिला 3 मीटरवर आणि 7 मीटरवर गाठ मारावी, दोन्ही टोके एकत्र धरून तीन कोपरे ताणावेत. 3, 4 आणि 5 मीटरच्या बाजूंचा जो त्रिकोण तयार होतो त्यात 3 आणि 4 च्या बाजूंमधला कोन काटकोन असतो. नववीच्या मुलांकडून हे काम करून घेतल्यास पायथागोरसचा सिद्धांत वेगळा शिकवावा लागत नाही. चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत: 12 × 8 च्या मैदानाचा कर्ण 14.42 मीटर भरला पाहिजे आणि खो-खोच्या 27 × 16 च्या मैदानाचा 31.38 मीटर. कर्णांत फरक आला तर मैदान तिरके झाले, खुंट्या पुन्हा हलवाव्यात. छोट्या कबड्डी मैदानात मध्यरेषेपासून 3 मीटरवर निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) आणि तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा येते. रेषांसाठी फक्की (मैदान आखायची पांढरी भुकटी) वापरावी, कळीचा चुना कधीही वापरू नये. तो डोळ्यांत गेल्यास इजा होते आणि घामेजलेल्या कातडीला भाजतो.

खो-खोचे खांब जमिनीवर 120 ते 125 सेंटीमीटर उंच असतात. ते गुळगुळीत असावेत, कारण मुले त्यांवर पूर्ण अंग झोकून सूर मारतात. खांबाभोवतीची माती इतर ठिकाणांहून अधिक खणून मऊ ठेवावी.

सरावाची वेळ

कागदावर सर्वांत सोपा आणि प्रत्यक्षात सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. शाळा पाचला सुटते आणि डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो. बाहेरगावच्या मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने येतात आणि ती बस सुटली तर त्यांना घरी जायला दुसरे साधन नसते, त्यामुळे शाळा सुटल्यानंतरचा सराव म्हणजे प्रत्यक्षात फक्त गावातल्या मुलांचा सराव ठरतो. मुलींचा संघ याच एका कारणाने कित्येक शाळांत उभा राहत नाही. त्यावर उपाय असा की मुलींचा सराव शाळेच्या वेळेतच, शेवटच्या दोन तासिकांत, आठवड्यातून तीन दिवस ठेवावा आणि मुख्याध्यापकांकडून तो वेळापत्रकात लिहूनच घ्यावा. तोंडी परवानगी पहिल्या घटक चाचणीलाच रद्द होते.

सकाळचा सराव घ्यायचा तर उजाडल्यावरच घ्यावा. जानेवारीत सूर्य पावणेसातच्या पुढे उगवतो, आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल यांसारख्या जंगलाला लागून असलेल्या भागांत अंधारात पोरांना घराबाहेर बोलावणे हा सरळ जिवाशी खेळ आहे. तेथे वाघाच्या वावराची सूचना आली असेल त्या आठवड्यात सकाळचा सराव बंदच ठेवावा.

दुसरी अडचण शेताची. पश्चिम विदर्भात नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी जोरात असते, पूर्वेकडे धानाची कापणी आणि मळणी चालते, पुढे तूर काढणीला येते. मजूर मिळत नाहीत तेव्हा आठवी-नववीची पोरे घरच्या वावरात जातात, आणि "सर, आज वेचाले जा लागते" असे मुलगा सांगतो तेव्हा त्याला संघातून काढण्याची धमकी देऊन काहीही साधत नाही. त्यापेक्षा पालकांना भेटून आठवड्यातील कोणते दोन दिवस मुलगा नक्की मोकळा राहील हे विचारून घ्यावे आणि संपूर्ण संघाचा एकत्रित सराव त्याच दिवशी ठेवावा. भंडारा-गोंदियाकडे मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेच्या दिवसांत मैदानच हाती नसते, गडचिरोली-चंद्रपूरकडे झाडीपट्टीची नाटके लागतात आणि अर्धा संघ रात्रभर जागून डोळे चोळत येतो; हे दिवस सुटीचेच धरावेत.

रात्रीच्या खुल्या कबड्डी स्पर्धांविषयी कडक राहावे. बक्षिसाच्या लोभाने शाळकरी मुलाला मोठ्यांच्या संघात घुसवतात, समोर सत्तर किलोचा गडी असतो आणि हंगामाच्या ऐन मध्यावर मुलगा खांदा बांधून बसतो.

प्रत्यक्ष सराव

थंडीत अंग गरम व्हायला वेळ लागतो, म्हणून पळणे, उड्या, सांधे फिरवणे यांना पंचवीस मिनिटे द्यावीत. दंव पडलेल्या गवतावर वेगाने पळवू नये. तहान लागत नसली तरी मुलांना पाणी प्यायला लावावे.

कबड्डीत चढाई शिकवताना पहिली गोष्ट दम, दुसरी पाय आणि तिसरी हात. खेड्यातली मुले उलट क्रमाने शिकलेली असतात. प्रत्येकाने 30 सेकंद न तुटता, ऐकू येईल असा कबड्डीचा उच्चार करीत, निदानरेषा ओलांडून परत यावे, कोणालाही शिवू नये. एवढेच काही दिवस करून घ्यावे. उच्चार मध्यरेषा ओलांडण्यापूर्वी सुरू झाला नाही तर पंच चढाई रद्द ठरवतात आणि नवख्या संघाचे गुण येथेच जातात. पकडीत कोपरारक्षकाने आधी वाकू नये. चढाईपटूचे वजन पुढच्या पायावर आल्यावरच घोट्याला हात घालावा आणि त्याच क्षणी मध्यरक्षकाने कंबर धरावी. दोघांच्या हालचालींत अर्ध्या सेकंदाचाही फरक पडला तर चढाईपटू दोघांनाही घेऊन जातो. नखे कापलेली आणि अंगाला तेल न लावलेले असावे, हा नियमच आहे.

खो-खोत बसण्याची पद्धत आधी पाहावी. टाचा टेकवून आरामात बसलेला मुलगा खो मिळाल्यावर उठेपर्यंत संरक्षक दोन पाट्या पुढे गेलेला असतो. चवड्यावर, एक पाय किंचित पुढे, दोन्ही हातांची बोटे जमिनीला टेकलेली अशी बैठक हवी. पाठीला स्पर्श आणि "खो" हा शब्द यांत अंतर पडू देऊ नये.

वरच्या स्तरावर सामने अनेकदा मॅटवर होतात आणि मातीवर अनवाणी वाढलेली मुले तेथे बूट घालून घसरतात. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा तालुका क्रीडा संकुलात मॅट असेल तर सामन्यांपूर्वी निदान दोन दिवस तेथे सराव मिळवावा, आणि नवे बूट त्याआधी पंधरा दिवस पायांत घालायला लावावेत.

आहारासाठी बाजारातल्या डब्यांची गरज नाही. भिजवलेला हरभरा, शेंगदाणे आणि गूळ, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, परवडत असल्यास उकडलेली अंडी, आणि या दिवसांत स्वस्त मिळणारी संत्री पुरेशी आहेत. सामन्याच्या दिवशी पोट भरून जेवण दोन-तीन तास आधी व्हावे.

कागदपत्रे

वयोगटाची कट-ऑफ तारीख आणि कबड्डीची वजनमर्यादा त्या वर्षीच्या परिपत्रकातच वाचावी, मागच्या वर्षीच्या आठवणीवर नावे देऊ नयेत. दाखल-खारीज रजिस्टरमधील जन्मतारीख आणि आधारवरील जन्मतारीख जुळते का, हे जुलैतच तपासावे. ही तफावत मैदानावर उघडकीस आली की संपूर्ण संघ बाद होतो आणि तेथे वाद घालून उपयोग नसतो. प्रत्येक खेळाडूच्या प्रमाणपत्राची प्रत शाळेच्या फाइलमध्ये ठेवावी. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सवलतीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळेने मुदतीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे पाठवायचा असतो, तेथून तो विभागीय मंडळाकडे जातो. मुलाने खेळायचे ते खेळून घेतलेले असते. कागद वेळेत न गेल्याने त्याचे गुण बुडाले तर ती जबाबदारी शाळेची आहे. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात हे प्रस्ताव तयार करतानाच आठवी आणि नववीच्या मुलांची पुढील वर्षाची यादी, त्यांच्या जन्मतारखांसह, त्याच फाइलला जोडून ठेवावी.